मदत हवी आहे: टॉल ऑइलच्या अल्कीडवर सुरकुत्या, खाली थर चिकट

साकीनाका_रेझिन: पाइनचा लगदा बनवताना मिळणाऱ्या टॉल ऑइल फॅटी ॲसिडचं लाँग ऑइल अल्कीड (तेलाचा वाटा जास्त असलेलं वार्निशचं रेझिन) शिजवतोय, लाकडी दारांसाठी. फॅटी ॲसिड ५७० ग्रॅम, टेक्निकल पेंटाएरिथ्रिटॉल २००, थॅलिक ॲनहायड्राइड २१०. झायलीन ४ टक्के, डीन-स्टार्क (निघणारं पाणी वेगळं काढणारी काचेची नळी) लावून २३५ अंश सेल्सिअस. पाणी ५४ मिली निघालं, ॲसिड व्हॅल्यू (उरलेल्या आम्लाचं माप) २२ ला उतरवलं. एमटीओत (मिनरल टर्पेंटाइन, पातळ करायचं द्रावक) ६० टक्के सॉलिड्स (घन भाग). १०० ग्रॅम सॉलिड्सला ६ टक्केवालं कोबाल्ट ऑक्टोएट (ड्रायर, म्हणजे थर वाळवणारं रसायन) ३ ग्रॅम. काचेवर दोन दिवसांनीही नख रुततं, वर मात्र सुरकुत्या. मुंबईची पावसाळी हवा आहेच. कोबाल्ट वाढवू का?

वार्निशवाला: अजिबात नको! ३ ग्रॅम म्हणजे ०.१८ टक्के धातू, हवा तेवढ्याच्या तिप्पट. कोबाल्ट वरून वाळवतं: साय धरते, खाली ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून सुरकुत्या. १ ग्रॅमवर आणा, जोडीला १८ टक्के झिर्कोनियम १.५ ग्रॅम आणि ५ टक्के कॅल्शियम २ ग्रॅम. थर सुकल्यावर २५-३० मायक्रॉन भरेल इतकाच लावा.

काळबादेवी_केमिस्ट: ड्रायर बरोबर केले तरी मूळ दुखणं शिजवण्यात आहे. तुमच्या मापाला सगळं पाणी मिळून सुमारे ६१ ग्रॅम निघायला हवं. ५४ आलं, ॲसिड व्हॅल्यूही २२, म्हणजे हिशेब जुळतो: रेणू अजून लहानच आहेत. या फॅटी ॲसिडमध्ये ओलेइक भरपूर, त्याचे रेणू हवेत वाळताना एकमेकांना जवळजवळ जोडलेच जात नाहीत, सगळी भिस्त लिनोलेइकवर. मग कडकपणा रेणूच्या आकारातूनच मिळवावा लागतो. ॲसिड व्हॅल्यू १० च्या खाली न्या, पाणी ५८ च्या पुढे जाईल. रोझिनचं (राळेचं) प्रमाणही सर्टिफिकेटवर बघा, २ टक्क्यांच्या आत हवं.

साकीनाका_रेझिन: रोझिन १.६ आहे. तीच बॅच परत चढवू? जेल होईल (भांड्यातच गोठून गोळा होईल) अशी भीती वाटते.

काळबादेवी_केमिस्ट: एमटीओ घातलेली बॅच परत तापवू नका, आगीला आमंत्रण. नवीन घ्या. आधी १८० ला थांबा, रस स्वच्छ होऊ द्या. घाई केली तर थॅलिक उडून कंडेन्सरमध्ये पांढऱ्या सुया होऊन चिकटतं आणि माप बिघडतं. जेलची भीती रास्त आहे, तुमचा पॅटनचा स्थिरांक (जेल होण्याचा अंदाज देणारा आकडा, १ च्या खाली गेला तर धोका) जेमतेम १ येतो. म्हणून ॲसिड व्हॅल्यू १५ झाली की दर १५ मिनिटांना नमुना काढून व्हिस्कोसिटी (दाटपणा) बघा. ॲसिड व्हॅल्यू जागेवर अडकली आणि व्हिस्कोसिटी धावत सुटली, तर १० ची वाट न पाहता लगेच गार करायला घ्या. १६० पर्यंत उतरल्यावर एमटीओ घाला, तोही आगीपासून लांब, कंडेन्सर चालू ठेवून.

वार्निशवाला: ड्रायर घातलेलं वार्निश पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेटतात. पाण्याच्या बादलीत बुडवा.