जाड तारेला सोल्डर: वॅट बघायचे की बिट?

तिसरा पदर
मत आधी सांगून टाकतो. जाड तारेसाठी सोल्डरिंग आयर्न घेताना बहुतेक जण खोक्यावरचे वॅट वाचतात आणि बिटकडे, म्हणजे तापणाऱ्या टोकाकडे, बघतही नाहीत. मला हे उलटं वाटतं. बिट किती जाड आहे आणि त्याचा किती भाग कामावर सपाट टेकतो, हे आधी बघावं. वॅट त्यानंतर.

माझा एक कनेक्टर यात वाया गेला. १२ गेजची सिलिकॉन आवरणाची तार बॅटरीच्या एक्सटी ६० कनेक्टरच्या पिनेत बसवायची होती. आयर्न ६० वॅटचं, पण बिट पेन्सिलीसारखं टोकदार. सोल्डर बिटवर छान वितळायचं आणि तारेवर गेलं की गोळा होऊन बसायचं. दीड मिनिट धरून ठेवलं. तार बसली असं वाटलं, तोवर कनेक्टरचं पिवळं नायलॉन मऊ पडून पिन तिरकी झाली होती. थंड झाल्यावर तार जरा हलवली, तर ती गोळ्यातून अख्खी बाहेर आली. पिनेच्या वाटीत सोल्डरमधल्या जळलेल्या राळेचा तपकिरी थर होता आणि तारेचे आतले पदर तांबडे लख्ख. सोल्डर त्यांना शिवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच आयर्नला ५ मिमी रुंदीचं छिन्नीसारखं बिट लावलं. नवा कनेक्टर, तीच तार. पाच-सहा सेकंदांत सोल्डर पदरांमध्ये ओढलं गेलं आणि नायलॉनला काहीही झालं नाही.

थोडा हिशेब करू. १२ गेज म्हणजे सुमारे ३.३ चौरस मिमी तांबं. एक सेंटिमीटर तारेचं वजन साधारण ०.३ ग्रॅम, आणि ती २०० अंशांनी तापवायला २३ ज्यूल लागतात. पण उष्णता एका सेंटिमीटरवर थांबत नाही, तांबं ती पुढे ओढत राहतं. पाचेक सेंटिमीटर तार आणि पिनेचं धातू धरलं तर शंभराच्या वर ज्यूल पहिल्या काही सेकंदांतच हवेत. जाड बिटमध्ये दहा ग्रॅम तांबं असेल, तर ३८० वरून २३० अंशांवर येताना ते पावणेसहाशे ज्यूल सोडतं. टोकदार बिटच्या शेवटच्या भागात जेमतेम एखादा ग्रॅम तांबं, आणि ते टेकतं सुईच्या अग्राएवढ्या जागेवर. मागचा हीटर कितीही ताकदीचा असो, त्या चिंचोळ्या वाटेने उष्णता येणार किती?

म्हणून नाजूक कनेक्टर आहे तर लहान बिट घ्या, हा सल्ला मला चुकीचा वाटतो. प्लास्टिक वितळतं ते मुख्यतः वेळ लागतो म्हणून.

गुंडाळी
टोकदार बिटबद्दल पूर्ण सहमत. वस्तुमानाबद्दल नाही. तुमचा हिशेब जुन्या रचनेच्या आयर्नचा आहे. त्यात हीटर वेगळा, त्यावर बिटची टोपी आणि दोन्हींच्या मधे हवेची फट. टोक थंड पडलं हे सेन्सरला उशिरा कळतं, म्हणून आधीच साठवून ठेवलेली उष्णता लागते. टी १२ पद्धतीच्या कार्ट्रिजमध्ये हीटर आणि सेन्सर बिटच्या आतच बंद असतात, टोकाच्या अगदी जवळ. टोक थंड पडायला लागलं की हीटर तत्काळ पूर्ण जोर लावतो. २४ व्होल्टवर ८ ओहमचा हीटर म्हणजे ७२ वॅट, आणि ते थेट टोकापाशी. मी अशा हलक्या आयर्नने १२ गेजची कामं रोज करतो. साठा लहान चालतो, पुरवठा जलद हवा.

पहाटपाळी
गुंडाळी, यात एक गोष्ट जोडा, नाहीतर नवीन माणूस फसेल. तेच आयर्न १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवलं तर व्होल्टेज अर्धं आणि पॉवर चौथाई: १८ वॅट. मी सहा महिने तसंच वापरत होतो. बारीक कामाला काही फरक जाणवायचा नाही, म्हणून शंकाच आली नाही. जाड तार आली की मात्र पडद्यावरचा आकडा ३५० वरून भराभर उतरायचा आणि मी बिटला दोष द्यायचो. दोष अडॅप्टरचा होता.

बाभूळ
इतका हिशेब कशाला? जाड तारेसाठी सोल्डरिंग गन घ्या. शंभर वॅटच्या पुढची, ट्रिगर दाबला की काही सेकंदांत तापते, सोडला की गार व्हायला लागते. आत ट्रान्सफॉर्मर असतो. त्याची दुय्यम बाजू म्हणजे जाड तांब्याचा एखादाच वेढा, आणि बिट हाच त्या वेढ्याचा शेवटचा तुकडा. व्होल्टेज अगदी कमी, करंट शंभर अँपिअरच्या घरात, त्यामुळे बिट स्वतःच तापतं. साठा, पुरवठा हा वादच तिथे उरत नाही. माझी गन वीस वर्षांची आहे आणि गाडीच्या वायरिंगपासून बॅटरीच्या केबलपर्यंत सगळं तिनेच केलंय.

तिसरा पदर
बाभूळ, गन मीही वापरली आहे. माझी हरकत दोन ठिकाणी आहे. तिचं बिट म्हणजे वाकवलेली तार, तिला सपाट बाजू जवळजवळ नसते. १२ गेजच्या गोल तारेवर गोल बिट टेकवलं की संपर्क एका रेषेपुरता. दुसरं म्हणजे पॉवर बघितली की लोक ट्रिगर धरून ठेवतात. तापमानाला लगाम नाही, राळ, म्हणजे तांबं साफ करणारा फ्लक्स, जळून जाते, आणि तो गेल्यावर वितळलेलं सोल्डरही तांब्याला धरत नाही.

त्या बिटच्या शेजारी मोठं अल्टरनेटिंग करंट वाहतं, त्याचं चुंबकीय क्षेत्रही असतं. नुसत्या तारेला फरक पडत नाही, पण तार मोटार कंट्रोलरच्या सर्किट बोर्डावर लावायची असेल तर मी गन दूरच ठेवीन.

बाभूळ
बोर्डावर मीही वापरत नाही. तारेला तार आणि तारेला लग (बोल्टखाली जाणारं धातूचं टोक), एवढंच. आणि गन हल्ली तापत नाही अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी बिट धरणारे दोन नट आधी घट्ट करावेत. गरम-गार होऊन ते सैल पडतात, तिथे रेझिस्टन्स वाढतो आणि उष्णता टोकाऐवजी नटापाशी तयार होते. निम्म्या तक्रारी एका पान्याने मिटतील.

नवी सर्किट
मी नुकतीच सुरुवात केली आहे. माझ्याकडे एकच आयर्न आहे, ते ४५० अंशांवर नेलं तर जाड तार होईल का? नवीन घ्यायचं टाळते आहे.

गुंडाळी
नको. आकडा वाढवल्याने वाट रुंद होत नाही. ४५० वर राळ लगेच जळते आणि बिटवरचा लोखंडाचा मुलामा लवकर खराब होतो. ३५० ते ३८० पुरे आहे. आधी तुमच्या आयर्नला बसणारं रुंद बिट मिळतंय का ते बघा. बिटवर ताज्या सोल्डरचा थेंब घ्या आणि तो थेंब तारेला लावा, कारण उष्णता त्या ओल्या पुलावरूनच जाते. तारेला वेगळा रोझिन फ्लक्स लावा, सोल्डरच्या पोटातला एवढ्या तांब्याला पुरत नाही. नळकामासाठी मिळणारा ॲसिड फ्लक्स मात्र इलेक्ट्रॉनिक्सला कधीही नको, तो मागे राहून तार खात बसतो.

आणि सोल्डर कोणतं आहे ते पाहा. ६०/४० म्हणजे कथील-शिशाचं १८३ ते १९० अंशांत वितळतं, शिसंविरहित साधारण २१७ ते २२७ मध्ये. जाड तारेवर तो फरक हाताला जाणवतो. शिशाचं वापरलंत तर काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

लोलक
सगळी चर्चा वाचली. कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो: एवढ्या जाड तारेला सोल्डर करायचंच कशाला?

जाड तार घेतो कारण करंट मोठा. मोठा करंट म्हणजे बहुतेकदा मोटार, बॅटरी, काहीतरी हलणारं. सोल्डर पदरांमधून केशाकर्षणाने वर चढतं आणि इन्सुलेशनखाली दिसेनासं होतं. जिथे ते थांबतं तिथे कडक आणि लवचिक भागाची सीमा तयार होते. थरथर सुरू झाली की सगळं वाकणं त्या एका रेषेवर येतं आणि पदर एकेक करून तुटतात. बाहेरून तार धडधाकट दिसते. मी दुरुस्तीला आलेल्या एका केबलचं इन्सुलेशन चिरून पाहिलं, तर सोल्डरच्या काठाशी जेमतेम एक तृतीयांश पदर शाबूत होते. तुटलेल्यांची टोकं काळी पडली होती, म्हणजे उरलेले पदर सगळा भार घेऊन तापत होते. सोल्डर स्वतः उत्तम होतं. चकचकीत, कुठे ड्राय सोल्डर, म्हणजे न धरलेला जोड, नाही.

त्यापेक्षा क्रिंप करा, म्हणजे लग तारेवर दाबून बसवा. योग्य लग, योग्य डाय (दाबणारा साचा) आणि जोरकस क्रिंपर असेल तर पदर एकमेकांवर इतके दाबले जातात की मधे हवा उरत नाही. ना उष्णता, ना फ्लक्स, ना वितळलेलं प्लास्टिक. आणि कृपा करून तारेला टिनिंग करून (आधी सोल्डर चढवून) ती स्क्रू टर्मिनलमध्ये घट्ट करू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं, काही महिन्यांत स्क्रू सैल होतो आणि तिथे आग लागू शकते.

माझ्या मते जाड तारेसाठी पैसे घालायचेच असतील तर ते क्रिंपरवर घाला.

तिसरा पदर
लोलक, टर्मिनलबद्दलचं तुमचं म्हणणं प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावं. लगच्या बाबतीतही मी मान्य करतो, बोल्टखाली जाणारी तार यापुढे क्रिंपच करीन.

पण एक्सटी ६० ला सोल्डरची वाटीच असते, तिथे क्रिंपर काय करणार? मोटार कंट्रोलरच्या बोर्डावरच्या पॅडला, म्हणजे तांब्याच्या पट्टीला? हौशी कामात अर्धी जाड तार अशाच ठिकाणी जाते. आणि योग्य डाय हा तुमच्या वाक्यातला कळीचा शब्द आहे. पकडीने चेपलेला लग मी पाहिलाय, ओढला की तार हातात. तसल्या क्रिंपपेक्षा नीट केलेलं सोल्डर कितीतरी बरं.

पदर तुटण्याला उपाय आहे. सोल्डर चढू द्यायचं नाही, म्हणजे पुन्हा कमी वेळ. दीड मिनिट धरलं तर ते दोन-तीन सेंटिमीटर चढेल, पाच सेकंदांत काम झालं तर वाटीतच राहील. वर जाड हीटश्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी नळी) असं लावायचं की ते कडक भाग ओलांडून मऊ तारेपर्यंत जाईल, आणि तार जवळच कुठेतरी बांधायची, म्हणजे थरथर जोडापर्यंत पोहोचत नाही.

पहाटपाळी
एक्सटी कनेक्टरवाल्यांसाठी: सोल्डर करताना त्याचा जोडीदार कनेक्टर आत घालून ठेवा. पिना सरळ राहतात आणि उष्णताही थोडी वाटली जाते. तो जोडीदार मोकळा असावा, बॅटरीला जोडलेला अजिबात नको. आणि बॅटरीच्या बाजूचं काम असेल तर एका वेळी एकच तार उघडी, दुसरीवर टेप. दोन्ही उघड्या तारा एकमेकींना टेकल्या तर क्षणात शॉर्ट.

लोलक
वाटीचा मुद्दा मान्य. पॅडचा नाही. बोर्डावरच्या पॅडला थेट १२ गेज लावली की तारेच्या वजनाने आणि ओढीने पॅड उचकटतो, हे मी अनेकदा दुरुस्त केलंय. तिथे बोल्टचं टर्मिनल देणारा कंट्रोलर निवडावा. अवजार निवडण्याआधी जोडणी कुठे आणि कशी होणार ते निवडलं पाहिजे, आणि इथे सगळे आयर्नपासून सुरुवात करताहेत.

नवी सर्किट
रुंद बिट मिळालं. आयर्न तेच, ३७० अंश. फ्लक्स लावला, बिटवर थेंब घेऊन तारेला टेकवला. पहिल्या वेळी दहा सेकंद लागले, तिसऱ्या वेळी सात. कापून पाहिलं, आतपर्यंत सगळे पदर रुपेरी आहेत. पण माझी तार सिलिकॉनची नाही, साधी पीव्हीसीची आहे, आणि इन्सुलेशन दोन-तीन मिलिमीटर मागे सरकून आक्रसलं. हे चालेल का?

बाभूळ
उघडं तांबं हीटश्रिंकखाली पूर्ण झाकलं गेलं तर चालेल. पुढच्या वेळी इन्सुलेशनच्या अगदी लगत तारेला धातूचा चिमटा लावा, वर जाणारी उष्णता तो पितो. मी काल माझ्या गनचे नट घट्ट करून तीच १२ गेज केली, सहा सेकंद लागले. तिसरा पदर, बिटची एक बाजू हातोडीने ठोकून सपाट केली होती, तेवढं तुमचं ऐकलं.