मदत हवी आहे: २७ फुटी केबिन क्रूझर, इंजिन फक्त वेगात तापतंय, मॅनिफोल्ड बदलू का?

नमस्कार मंडळी. इथे गाड्यांचे धागे ढिगाने आहेत पण बोटीचा एकही सापडला नाही म्हणून नवीन काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिनने हलवावा.

मी मेरीलँडला असतो, अ‍ॅनापोलिसपासून अर्ध्या तासावर. गेल्या ऑक्टोबरात एक जुनी बोट घेतली. १९९७ चं मॉडेल, २७ फूट, पुढे नाळेत दोघांना झोपायची जागा, मधे इवलंसं किचन, आत मान वाकवूनच उभं राहावं लागतं असं बाथरूम, आणि एकच इंजिन, ५.७ लिटर व्ही-८ पेट्रोल, स्टर्नड्राइव्ह. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टर्नड्राइव्ह म्हणजे इंजिन बोटीच्या पोटात आणि पंख्याचा पाय मागच्या भिंतीतून आरपार बाहेर. मीटरवर ६४० तास. १४,५०० डॉलरला पडली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एवढ्या जुन्या बोटीत कंपनीचा काय दोष.

बोट का घेतली ते विचारू नका. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने आजोळी जायचो, डिझेलचा वास, टपावर बसलेली कोंबड्यांची टोपली, आणि निम्म्या वाटेत एक तरी उलटी. तेव्हापासून डोक्यात होतं की एक दिवस सुकाणू आपल्या हातात पाहिजे. बायकोला हे कारण सांगितलं तर ती म्हणाली, उलटीची आठवण म्हणून कोणी बोट घेतं का.

घेण्याआधी सर्व्हेयर बोलावला होता, फुटाला २५ डॉलर घेतले त्याने. प्लास्टिकची हातोडी घेऊन अख्खी बोट टकटक वाजवून बघितली, ओल मोजायचं मीटर फिरवलं, आणि रिपोर्टात लिहिलं की मागच्या भिंतीत, म्हणजे ट्रान्सममधे, स्विम प्लॅटफॉर्मच्या (पाण्यात उतरायच्या फळीच्या) स्क्रूंभोवती ओल आहे, बाकी वयाच्या मानाने ठीक. पाण्यात मात्र जेमतेम पंधरा मिनिटं चालवून बघितली, त्यात हवा थंड. तिथेच मी फसलो.

मे महिन्यात बोट पाण्यात सोडली. सावकाश चालवली तर तापमान १६० फॅरनहाइट, काटा जागचा हलत नाही. ३,२०० आरपीएमला नेली की दहा मिनिटांत १९५, मग अलार्म. वेग कमी केला की पाच मिनिटांत परत १६५. पहिल्यांदा झालं ते नेमकं चेसापीक खाडीवरच्या बे ब्रिजच्या खाली, बोटीवर बायको, दोन पोरं आणि अलिबागहून आलेली आई, ओहोटीचा ओढ उलटा, सहा नॉटने दीड तास रखडत परत आलो. आई एवढंच म्हणाली, की रेवसची लाँच कधी बंद पडली नाही बाबा.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं रबरी पात्यांचं चाक, बदलला (जुन्याची तीन पाती बुंध्यातून तुटलेली होती, म्हटलं सापडला चोर), थर्मोस्टॅट नवीन टाकला, बेल्ट ताणला. काडीचाही फरक नाही. आमच्या मरीनातल्या मेकॅनिकने झाकण उघडून पाच मिनिटं बघितलं आणि दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करणारे बिडाचे पाइप) आणि रायझर (त्यांच्यावर बसणारे, धूर पुढे बाहेर नेणारे तुकडे) बदला म्हणाला, मजुरी धरून ४,२०० डॉलर. काही उघडलं नाही, काही मोजलं नाही. दुसरा एक जण तर थेट नवीन इंजिनच टाका म्हणतोय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तर प्रश्न असा की मॅनिफोल्ड खरंच चोंदलेत हे उघडण्याआधी कळतं का? आधीचा मालक म्हणाला होता की बदललेत, पण पावती नाही. आणि दुसरं, आत्ताची बॅटरी रात्रभर फ्रिजला पुरत नाही, तर लिथियम टाकायची आहे, ती सरळ जुनी काढून बसवता येते का? कोणी बोटवाले असतील इथे तर कृपया सांगा, जुलै निघून चाललाय.

मचवा: मी जहाजावर इंजिनियर होतो, आता निवृत्त, अशी छोटी पेट्रोल इंजिनं माझ्या हातात फार आली नाहीत पण पाणी सगळीकडे सारखंच वाहतं. तुम्ही लिहिलंय जुन्या इंपेलरची तीन पाती तुटलेली होती. ती गेली कुठे? पंपाच्या डब्यात सापडली का? नसतील सापडली तर ती पाण्याबरोबर पुढे गेली आणि पुढे जिथे वाट पहिल्यांदा अरुंद होते तिथे अडकून बसलीत. सावकाश चालवताना इंजिनला पाणी कमी लागतं म्हणून भागतं, वेगात भागत नाही. ४,२०० चा चेक फाडायच्या आधी पंपानंतरची पहिली नळी सोडवून बघा.

धागाकर्ता: काका, खरं सांगतो, डब्यात एक तुकडा सापडला होता, बाकीच्यांचा विचारच केला नाही. लाज वाटली वाचून.

टंडेल_न्यूजर्सी: मचवा काकांना +१. तुमच्या इंजिनला जर पुढे बेल्टवरचा पंप असेल तर तिथून निघालेलं पाणी बहुतेक पॉवर स्टिअरिंगच्या कूलरमधे जातं. हातभर लांबीचं तांब्याचं नळकांडं असतं, आत बारीक नळ्यांची जाळी, म्हणजे चहाची गाळणीच समजा. त्याचं पंपाकडचं तोंड उघडा. तिथे काही नाही मिळालं तर पंपाच्या अलीकडची नळी बघा, ट्रान्समपासून पंपापर्यंत येणारी, जुनी झाली की आतला थर सुटतो आणि जोरात पाणी खेचलं की नळी आतल्या आत मिटते, बाहेरून मात्र नवीकोरी दिसते. तिसरी गोष्ट, पाय पाणी जिथून आत घेतो त्या जाळीत कालवं चिकटलीत का.

मॅनिफोल्डबद्दल. लेझरचं तापमान बघायचं पिस्तूल मिळतं ३० डॉलरला, ते घ्या. इंजिन तापलेलं असताना दोन्ही रायझरवर मारा. एकच बाजू जास्त गरम असेल तर त्या बाजूचा रायझर चोंदलाय. दोन्ही सारखेच गरम असतील तर पाणीच कमी येतंय, दोष मागे आहे. मेकॅनिकने एवढं पण केलं नाही म्हणजे कमाल आहे.

पण मॅनिफोल्ड अगदी निर्दोष आहेत असं समजू नका. आपल्याकडे इंजिनमधून थेट खारं पाणी फिरतं, बिडाचं लोखंड आतून कुजतं. खाऱ्या पाण्यात पाच ते सात वर्षांनी बदलतातच, आणि पावती नसेल तर बदलले नाहीत असंच धरायचं. चोंदणं परवडलं, फुटणं वाईट. रायझर आणि मॅनिफोल्डच्या सांध्यातून पाणी पाझरलं की ते एक्झॉस्टमधून उलटं सिलेंडरमधे उतरतं, आणि पाणी काही दाबलं जात नाही, स्टार्टर मारलात की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग तो दुसरा म्हणाला तसं नवीन इंजिनच. म्हणून एकदा रायझर उचला आणि खालचा पृष्ठभाग बघा. स्वतः केलंत तर दोन्ही बाजूंचा आफ्टरमार्केट सेट हजार-बाराशेच्या घरात येतो. जड असतात, कंबर सांभाळा.

ओहोटी: धागा वाचून हसू पण आलं आणि रडू पण. आमच्या ह्यांनी पण एक घेतली होती फ्लोरिडाला असताना. धागाकर्ते, पेट्रोल किती पितं ते लिहिलं नाहीत, की घरचे पण हा धागा वाचतात?

धागाकर्ता: वाचतात ना. तरी सांगतो, पळवली की तासाला १५ गॅलन. झालं समाधान?

टंडेल_न्यूजर्सी: लिथियमचं राहिलं होतं. सरळ काढून बसवू नका. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढत राहते, बिचारा अल्टरनेटर फुल लोडवर चालून चालून जळतो. इंजिन स्टार्टची साधी बॅटरी वेगळी ठेवा, फ्रिज-दिव्यांची लिथियम वेगळी, आणि दोघींच्या मधे डीसी टू डीसी चार्जर टाका, तो किती घ्यायचं ते ठरवतो. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून सात इंचांच्या आत. वायर टिन केलेली (कथलाचा मुलामा दिलेली), बारीक तारांची, घरातली जाड एकेरी तार वापरू नका, हादऱ्याने तुटते. हे सगळे नियम ठरवणारी संस्था एबीवायसी (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल) तुमच्या अ‍ॅनापोलिसमधेच आहे.

आणि अल्टरनेटर किंवा स्टार्टर उद्या गेलाच तर ऑटोपार्टच्या दुकानातून गाडीचा आणून बसवायचा मोह होईल, दिसायला डिट्टो तसाच आणि निम्म्या किमतीत. अजिबात नको. गाडीखाली हवा खेळती असते, बोटीत पेट्रोलची वाफ जड म्हणून तळाला साचते आणि गाडीच्या अल्टरनेटरची ठिणगी उघडी असते. मरीनचा ठिणगी बाहेर पडू देत नाही, पैसे त्याचे आहेत. स्टार्ट करायच्या आधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर काढणारा पंखा, चालवता ना?

धागाकर्ता: ब्लोअर चालवतो, पोराला कामच दिलंय मोबाइलवर चार मिनिटं लावायचं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पण केबिनमधे नवीन लावला, जुन्याची तारीख २००९ होती.

धागाकर्ता (अपडेट): शनिवारी सकाळी सहाला गेलो, दुपारनंतर इंजिनच्या खणात बसवत नाही, भट्टी असते. पॉवर स्टिअरिंगच्या कूलरची नळी सोडवली. क्लॅम्प गंजून इतका बसला होता की शेवटी कापला. आत टॉर्च मारला तर काळं रबर! एक अख्खं पातं आडवं बसलेलं, त्याच्यामागे दोन तुकडे, आणि ते तुकडे या इंपेलरचे पण नाहीत, रबर दगडासारखं कडक, म्हणजे आधीच्या मालकाच्या काळातले, त्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचा चुरा साचून निम्म्याहून जास्त तोंड बंद. जेवायचा चिमटा घेऊन एकेक काढलं (चिमटा नवीन आणून दिलाय, घरी कळलंय).

मग ३,४०० आरपीएमला वीस मिनिटं पळवली, काटा १६५ च्या वर गेला नाही. मचवा काका, तुम्ही इकडे कधी आलात तर बोटीवर तुमची खुर्ची पक्की, आणि जेवायला खेकडे. खर्च ११ डॉलर, दोन क्लॅम्प आणि एक नळी.

पिस्तूल पण आणलं. डावा रायझर १२५, उजवा १५०. म्हणून उजवा उचलला. आतली पाण्याची भोकं गंजाच्या खपल्यांनी अर्धी भरलेली, आणि सांध्याच्या कडेला तांबडी रेघ एक्झॉस्टच्या दिशेने आलेली, अजून आत पोचली नव्हती. त्या बाजूचे स्पार्क प्लग काढून बघितले, कोरडे, गंज नाही. म्हणजे मेकॅनिक अर्धा बरोबर होता, फक्त कारण चुकीचं सांगत होता. दोन्ही बाजूंचा सेट मागवलाय, तो येईपर्यंत बोट जागेवर.

मचवा: तांबडी रेघ दिसली आणि थांबलात हे उत्तम. नवीन बसवताना दोन्ही पृष्ठभाग पट्टी ठेवून सपाट आहेत का बघा, आणि इंजिन तासभर चालवल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळा. पायावरचा अ‍ॅनोड, म्हणजे पायाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, कसला आहे?

धागाकर्ता: झिंकचा आहे, आणि नवाकोरा दिसतोय, अजिबात झिजलेला नाही. चांगलंय ना?

मचवा: नाही हो. अ‍ॅनोड झिजला नाही म्हणजे तो काम करत नाहीये, त्याच्याऐवजी तुमचा पाय झिजतोय. तुमच्या खाडीचं पाणी धड गोडं नाही धड खारं नाही, त्यात झिंकवर साय धरते आणि तो झोपतो. अ‍ॅल्युमिनियमचा लावा.

धागाकर्ता: बाप रे. आजच मागवतो. आता राहिला ट्रान्सम. स्विम प्लॅटफॉर्मचा एक स्क्रू काढला तर त्याच्यामागून चहाच्या रंगाचं पाणी आलं, चमचाभर, आणि वास कुजक्या लाकडाचा. हातोडीने वाजवलं तर त्या स्क्रूभोवती तळहाताएवढ्या जागेत आवाज बद्द येतो, इंजिनच्या पायाजवळ मात्र खणखणीत. आतून फक्त तेवढाच प्लायवूड कापून एपॉक्सीने भरून भागेल, की सगळी भिंत उघडावी लागेल? नोव्हेंबरात बोट बाहेर काढणारच आहे, तोपर्यंत स्क्रूची भोकं सीलंटने बंद करून ठेवू की वाळायला उघडी ठेवू? कोणी हे काम हाताने केलं असेल तर सांगा, फोटो उद्या टाकतो.

टंडेल_न्यूजर्सी: पाण्यात आहे तोवर बंद करा, बाहेर काढली की सगळे स्क्रू काढून उघडी ठेवा. किती कापायचं ते आत्ता नाही सांगता येणार. मी माझ्या वेळी आतल्या बाजूने बारीक ड्रिलने दर चार इंचांवर भोक पाडत गेलो होतो, भुसा कोरडा आणि पिवळा निघाला की थांबलो. फोटो टाका, भोकांचा नकाशा मिळून काढू.