देवगडसमोर दिसलेली परदेशी नौका: कारवाई कोणी करायची?

प्रश्न (देवगड)
गेल्या पंधरवड्यात देवगडपासून सुमारे 35 सागरी मैलांवर आमची नौका सुरमईच्या जाळ्यांवर असताना एक अवाढव्य पोलादी जहाज रात्रभर एकाच टापूत घिरट्या घालत होते. नावाची अक्षरे चिनी धाटणीची होती, असे खलाशांचे म्हणणे आहे. परतल्यावर तक्रार केली, तेव्हा ‘आमची हद्द 12 मैलांपर्यंतच’ असे सांगून अर्ज हाती परत देण्यात आला. मग पुढची हद्द कोणाची?

उत्तर (रत्नागिरी)
हद्द बरोबर सांगितली, पण अर्ज परत न देता पुढे पाठवायला हवा होता. राज्याचा मासेमारी नियमन कायदा 12 सागरी मैलांपर्यंत चालतो. तेथून 200 मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत असून तेथे तटरक्षक दल कारवाई करते. परदेशी नौकांसाठी केंद्राचा 1981 चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या मूळ तरतुदींनुसार विनापरवाना मासेमारीला 12 मैलांच्या आत 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 15 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यापलीकडे केवळ 10 लाखांपर्यंत दंड आहे. समुद्री कायद्याविषयीचा 1982 चा आंतरराष्ट्रीय करारही, संबंधित देशांत तसा समझोता नसेल तर, आर्थिक क्षेत्रातील मासेमारीच्या गुन्ह्यासाठी कैद मान्य करत नाही. एवढा दंड अशा जहाजाच्या खिजगणतीतही नसेल. खरी जरब नौका जप्त होण्याची आहे.

उत्तर (मालवण)
जहाज दिसले म्हणजे गुन्हा झाला, असे नाही. जून 2019 मध्ये वायू चक्रीवादळाच्या वेळी 10 चिनी नौका तटरक्षक दलाच्या परवानगीने रत्नागिरीत आसऱ्याला आल्या होत्या. मात्र परवाना नसलेल्या परदेशी नौकेने आपल्या हद्दीतून जाताना जाळी आवरून ठेवलीच पाहिजेत, म्हणून जाळे पाण्यात होते की डेकवर, हा मुद्दा निर्णायक ठरतो. अक्षांश-रेखांश आणि वेळ वहीत टिपून व्हीएचएफ या नौकेवरच्या रेडिओच्या 16 क्रमांकाच्या चॅनेलवर तेथूनच कळवावे, फोन लागत असेल तर तटरक्षक दलाच्या 1554 वर. किनाऱ्याला लागून अर्ज लिहीपर्यंत जहाज कुठच्या कुठे गेलेले असते. (आपण कर्नाटकच्या हायस्पीड ट्रॉलरनाही ‘बाहेरचे’ म्हणतो, पण त्यांना हा कायदा लागू नाही, तक्रारीत ‘परदेशी’ हा शब्द जपून वापरावा.)

प्रश्नकर्ता
जहाजाच्या पिछाडीला जाळे वर ओढण्याचा उतार होता, असे आमचा तांडेल (नौकेचा प्रमुख) सांगतो. पण जाळ्याचे दोर पाण्यात होते की नाही, हे अंधारात कोणालाच दिसले नाही. जीपीएसमध्ये त्या रात्रीचा ट्रॅक अजून आहे. तो उतरवून नवा अर्ज तटरक्षक दलाकडे देतो.