कोल्ड्रिंकच्या दोन कॅनचा, स्पिरिटवर चालणारा, घरी केलेला स्टोव्ह ट्रेकला न्यावा का? माझं मत: न्यावाच, आणि गडावरची चूल बंद करावी

घाटवाट:
जानेवारीत राजगड-तोरणा केला, चौघं होतो, दोन दिवस. ज्यांनी केलाय त्यांना माहितीय, राजगडाच्या अळू दरवाज्यातून उतरून तोरण्याच्या धारेला लागलं की बुधला माची येईपर्यंत पाण्याचा भरवसा नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या पाठीवर चार लिटर पाणी आणि वर शिधा, कॅरीमॅट, सगळं. आमच्यातल्या एकाकडे गॅसचं कार्ट्रिज होतं, आत गॅस 230 ग्रॅम पण डब्यासकट वजन 380 च्या आसपास, वर बर्नर शंभर ग्रॅम. माझा स्टोव्ह 11 ग्रॅम. किचनच्या काट्यावर मोजलाय.

कोल्ड्रिंकच्या दोन कॅनचे बूड चार-चार सेंटीमीटरवर कापायचे, आत कॅनच्याच पत्र्याची गोल पट्टी उभी करायची, पट्टीच्या खालच्या कडेला तीन खाचा ठेवायच्या म्हणजे स्पिरिट आतून बाहेरच्या कप्प्यात जातं, आणि एका बुडाचा मधला भाग गोल कापून ते दुसऱ्यात पालथं दाबून बसवायचं, स्पिरिट त्या मधल्या भोकातून ओतायचं. वरच्या कडेला बोर्डपिनने 24 भोकं. पेटवलं की पहिलं अर्धा-पाऊण मिनिट नुसतं मधे जळतं, मग पत्रा तापला की आतल्या स्पिरिटची वाफ होते (78 डिग्रीलाच उकळतं ते) आणि भोकांतून एकेक करत निळ्या ज्योती बाहेर येतात. ते बघायला मला अजूनही तेवढंच आवडतं. बेकरीच्या अ‍ॅल्युमिनियम ट्रेचा वाऱ्याला अडोसा केला तर अर्धा लिटर पाणी सात-आठ मिनिटांत आणि 20-25 मिलीमध्ये उकळतं. भांडं म्हणजे घरातला जर्मनचा कडीचा डबा, एक लिटरचा, आजीचा दुधाचा होता. कडी आहे त्यामुळे सांडशी पण न्यायला नको.

आता मुद्दा. आपण गडावर जातो, तीन दगड मांडतो, दिसेल ते सरपण तोडतो आणि वाड्याच्या जोत्याला काजळी धरवून खाली येतो. 2025 मध्ये राजगडासकट 12 किल्ले जागतिक वारशात गेले आणि आपण अजून तिथल्या दगडांवर मॅगी करतोय. 11 ग्रॅमच्या वस्तूने हे थांबत असेल तर ती प्रत्येकाच्या सॅकमधे असायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

कातळकडा:
वजनाचा हिशोब पटला, बाकी नाही. मी हा प्रकार कुलंगगडावर जवळून बघितलाय म्हणून लिहितोय. भर दुपार, गुहेबाहेर उन्हात आमचा मित्र चहा करत होता. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, जवळजवळ अजिबात नाही. त्याला वाटलं विझला, म्हणून त्याने बाटलीतून परत ओतायला घेतलं आणि ज्योत धारेवरून सरळ बाटलीत चढली. त्याने बाटली फेकली, ती कॅरीमॅटवर पडली, मॅट पेटली. आम्ही माती टाकून विझवलं, पण त्याच्या उजव्या तळहाताची कातडी पांढरी पडून सुटली होती. त्या हाताने कुलंगच्या कातळातल्या पायऱ्या उतरायच्या म्हणजे काय ते करून बघा. खाली यायला सात तास लागले आणि हाताने धरायच्या प्रत्येक खाचेला तो कोपर टेकवत होता.

गॅसला निदान नॉब आहे, बंद केला की बंद. तुमच्या कॅनला बंद करायची सोयच नाही. अमेरिकेत वणव्याच्या सीझनला बऱ्याच जंगलांत नॉब असलेल्या स्टोव्हलाच परवानगी असते, स्पिरिटच्या स्टोव्हला नाही, त्याचं कारण हेच. आणि तुम्ही जानेवारीत त्या धारेवर पेटवलात? दोन्ही बाजूला गुडघाभर वाळलेलं गवत असतं तिथे. लाथ लागून एकदा आडवा झाला की 25 मिली पेटतं स्पिरिट उतारावर पसरणार.

निळी_सॅक:
घाटवाट, न्यायचं कसं हा प्रश्न तुम्ही सोडलाच. मुंबईचे निम्मे ट्रेकर कसारा लोकलने जातात. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेणं गुन्हा आहे, 1989 च्या कायद्याचं कलम 164, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. स्पिरिट त्यात येतं आणि गॅसचं कार्ट्रिज पण येतं, कातळकडा, तेव्हा तुमचाही मुद्दा तिथे टिकत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या डब्यात चोरून नेलेल्या सिलेंडरमुळे नऊ माणसं गेली. कृपा करून लोकलमधे हे नेऊ नका.

माझं मत विचाराल तर दोन दिवसांच्या ट्रेकला शिजवायचंच कशाला? ज्वारीची भाकरी दोन दिवस टिकते, लसणाची चटणी, गूळ-शेंगदाणे, सातूचं पीठ पाण्यात कालवून. आपल्या आधीची माणसं हाच शिधा बांधून हे घाट चढली उतरलीत. भांडं नको, इंधन नको, काजळी पण नको.

खोऱ्यातला:
माझं गाव गडाच्या पायथ्याला आहे म्हणून दोन शब्द. चूल बंद करा म्हणता, पण आमच्या काकूच्या पिठलं-भाकरीवर पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो आणि ती चुलीवरच होते. सरपण पडलेलं, वाळलेलं, घरामागचं. ओलं झाड आम्ही तोडत नाही, तोडतात ते रात्री शेकोटीला, आणि ती माणसं शहरातली असतात हे पण लिहा की दादा. तुम्ही 11 ग्रॅमचा स्टोव्ह आणणार, शिधा पुण्यातून बांधून आणणार, आमच्या गावात फक्त गाडी लावणार. मग गावाला काय?

आणि वणव्याचं कातळकडा बोलले ते शंभर टक्के खरं. एकदा पेटलं की आम्ही पोरं निरगुडीच्या फांद्या घेऊन धावतो, रात्र रात्र. गुरांचा चारा जातो. कोणी पेटवलं ते कधीच कळत नाही.

घाटवाट:
खोऱ्यातला, माफी मागतो, माझं वाक्य चुकलं. घरातल्या चुलीबद्दल नव्हतं, गडावर बुरुजाच्या आणि देवळाच्या आडोशाला मांडतात त्या चुलीबद्दल होतं. गावात जेवायची सोय असेल तिथे गावातच जेवावं, त्यात वाद नाही. आम्ही जाताना राजगडाखाली गुंजवण्याला जेवलो होतो, येताना उतरलो तोरण्याखाली वेल्ह्याला आणि घाईत तसेच निघालो, ते चुकलंच.

कातळकडा, मित्राच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. विझला असं वाटलं तरी परत ओतायचं नाही हा नियम मी लिहायलाच पाहिजे होता. मी 25 मिलीची औषधाची बाटली भरून तेवढंच ओततो, मोठी बाटली दहा पावलं लांब, आणि परत भरायच्या आधी हात वर धरून ऊब बघतो, पाच मिनिटं थांबतो. धारेवर नव्हता पेटवला, बुधला माचीवर कातळावर पेटवला होता, खाली स्टीलची ताटली ठेवून. पण नॉब नाही हे खरंय आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तरवारा:
मी स्वीडनला असते, इथे स्पिरिटचा स्टोव्ह शाळेच्या सहलीतली मुलं पण वापरतात. ट्रँगिया नावाची कंपनी 1925 पासून आहे, त्यांचा पितळी बर्नर 110 ग्रॅमचा, त्याला सरकवायची झडप असते. आच कमी करता येते आणि झडप पूर्ण लावली की विझतो. म्हणजे दोष स्पिरिटचा नाही, झाकण नसलेल्या कॅनचा आहे. घाटवाट, तुमच्या कॅनवर पालथी बसेल अशी स्टीलची वाटी घ्या, कॅनपेक्षा जराशीच मोठी, हवा तुटली की विझेल. सांडलेलं मात्र वाटीने विझत नाही, त्यामुळे गवताबाबत मी कातळकडांच्याच बाजूची.

अजून एक, लोक काहीही ओततात. थिनर नको, मिथेनॉल नको, त्याची वाफ पण विषारी असते. आयसोप्रोपाइल चालतं पण भांडं काळं करतं. आणि स्टोव्हसाठी जस्ताचा पत्रा चुकूनही घेऊ नका, तापल्यावर त्याच्या धुराने ताप भरतो. कॅनला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो घराबाहेर एकदा जाळून टाका. तंबूच्या आत कुठलाच स्टोव्ह नको.

कातळकडा:
वाटीचं पटलं. पण हिशोब पूर्ण मांडा. ग्रॅमला ग्रॅम स्पिरिटची उष्णता गॅसच्या अर्ध्याहून थोडी जास्त, बस. दोन दिवसाला दीडशे ग्रॅम स्पिरिट लागलं तर ठीक, पण आठवड्याच्या रेंज ट्रेकला (एका डोंगररांगेतले गड सलग करायचे तो) अर्ध्या लिटरच्या वर स्पिरिट न्यावं लागेल, तिथे गॅसच हलका पडतो. आणि कॅनवर आच कमी होत नाही, खिचडी खाली करपणार, वर कच्ची.

घाटवाट:
चार दिवसांच्या पुढे गॅस, मान्य. खिचडीचं मात्र नाही, ते मी करून बसलोय. मूगडाळ आणि तांदूळ घरी भाजून भरड काढायची, मीठ-हळद-जिरं त्यातच. पाण्याला खळखळ उकळी आली की भरड टाकायची, दोन मिनिटं ढवळायची, आणि डबा झाकण लावून जुन्या कॅरीमॅटच्या तुकड्यात गुंडाळून स्लीपिंग बॅगमधे ठेवायचा. वीस मिनिटांत मऊ होते, करपायचा प्रश्नच नाही कारण खाली आचच नाही. वरून मेतकूट आणि पुडीतलं तूप.

वाटी आज घरी शोधली, 46 ग्रॅमची मिळाली, बाल्कनीत पेटता स्टोव्ह झाकून बघितला, दोन सेकंदात विझला. काल गॅलरीतून डोंगर बघत होतो, सगळा पिवळा झालाय. आता पहिला पाऊस पडेपर्यंत स्टोव्ह घरीच, निळी_सॅक म्हणतात तशी भाकरी-चटणी. गडावर दगड मांडायला माझा विरोध आहे तो आहेच. खोऱ्यातला, मार्चमधे सहा जण येतोय, काकूंना चालणार असेल तर दोन्ही वेळचं जेवण तिथेच सांगतो, किती आधी कळवायचं ते लिहा.

खोऱ्यातला:
आदल्या दिवशी सांगा, पीठ दळावं लागतं.