मदत हवी आहे: उकार-मात्रांची टक्कर कशी सोडवू?

मंडळी, आम्हा कॉलेजच्या मित्रांच्या भटकंती आणि लोककलांच्या साइटचं डिझाइन करतेय. गेरूच्या रंगावर पांढरी अक्षरं, वारली भिंतीसारखी. (सगळेच वारली वापरतात म्हणे. असू दे.) फॉन्ट म्हणाल तर शीर्षकाला बालू, मजकुराला मुक्ता.

लॅपटॉपवर झकास दिसतं. मोबाइलवर मात्र ‘मुळशीतला कैलासगड’ हे शीर्षक दोन ओळींत तुटतं आणि ‘मु’चा उकार खालच्या ‘कै’च्या मात्रांत घुसतो. लाइन-हाइट (ओळींमधलं अंतर) १.२ची १.५ केली, तर कार्डात, म्हणजे फोटो-शीर्षकाच्या चौकटीत, फोटोला जागाच उरत नाही. फॉन्ट बदलू की कार्ड?

शिवाय फोटोवरची पांढरी अक्षरं पावसाळी धुक्यात विरघळतात. काळी झाक दिली की हिरवा रंग मरतो. अक्षरं नीट वाचता यावीत म्हणून लागणारा ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) सांभाळून कुणी जमवलंय का? स्क्रीनशॉट टाकलात तर फार बरं होईल.