मदत हवी आहे: बोस्टनजवळच्या निवाऱ्यातल्या हैतीच्या कुटुंबांसाठी काय जमवावं?

(हा धागा २०२३-२४च्या हिवाळ्यातला आहे.)

नमस्कार मंडळी,

बोस्टनच्या पश्चिमेला आमच्या गावातलं एक मोटेल राज्य सरकारने बेघर कुटुंबांसाठी घेतलं आहे. बहुतेक कुटुंबं हैतीची, लहान मुलांची. जवळच्या चर्चचे स्वयंसेवक त्यांच्यासाठी सामान गोळा करतात. मी ख्रिस्ती नाही, पण शनिवारी चर्चच्या तळघरात कपडे निवडायला जाते. आता मराठी मंडळातल्या घरांनीही सामान द्यायचं ठरवलंय आणि यादी करायचं काम माझ्याकडे आलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८३च्या कायद्याने मुलंबाळं असलेल्या बेघर कुटुंबांना निवारा द्यावा लागतो. ऑगस्ट २०२३मध्ये गव्हर्नर मॉरा हीली यांनी आणीबाणी जाहीर केली, नोव्हेंबरमध्ये ७,५०० कुटुंबांची मर्यादा भरली. तेव्हा नव्यांसाठी प्रतीक्षायादी सुरू झाली. काही कुटुंबांनी २०२३-२४च्या थंडीत बोस्टनच्या लोगन विमानतळावरच रात्री काढल्या.

मोटेलमध्ये एका खोलीत अख्खं कुटुंब. शेगडी नाही, एक मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज. लोक प्रेमाने तांदळाच्या पिशव्या आणि राजमा आणून देतात. भात आणि राजमा हे हैतीचं रोजचं जेवण, म्हणजे देणाऱ्यांचा अंदाज बरोबरच आहे, पण ते शिजवायचं कुठे? तयार भाताची पाकिटं बरी की आणखी काही सुचतं?

डायपरची ओढाताण सगळ्यात जास्त. फूड स्टॅम्पवर (अन्नासाठीच्या सरकारी मदतीवर) डायपर मिळत नाहीत, साबणही नाही. तान्ह्या बाळांच्या मापाचे ढीगभर येतात, पण ५ आणि ६ नंबरचे आले की लगेच संपतात. तसंच कोट भरपूर येतात, बर्फातले बूट येत नाहीत. हैतीच्या राजधानीतून, पोर्ट-ओ-प्रिन्सहून आलेलं पोर कापडी बुटात शाळेच्या बसची वाट बघताना दिसलं की जीव तुटतो. मुलांचे बूट स्वस्तात कुठे मिळतील?

एच-४ व्हिसावर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या मैत्रिणींना तिथे बिनपगारी काम केलेलं चालतं का? आणि हैतीची क्रेओल भाषा येणारं कुणी ओळखीचं आहे का? खोक्यांवर नावं लिहायची आहेत. फ्रेंच सगळ्यांना येत नाही.

शेवटचं, खरं अडलेलं. मंडळातल्या एका काकांना मुलांच्या हातात सामान देतानाचा फोटो अंकात छापायचा आहे. सगळ्यात जास्त पैसे त्यांनीच दिलेत आणि मनाने फार चांगले आहेत. मला हे अजिबात पटत नाही. मोटेलच्या दारात आईच्या मागे उभ्या असलेल्या मुलाला आपला फोटो मराठी अंकात कशाला हवा? काकांना न दुखावता कसं सांगू?

प्रतिसाद

ताई, फोटोचं आधी. काकांना सांगा, यातल्या बऱ्याच जणांच्या आश्रयाच्या अर्जांचा निकाल लागायचाय, कुणाचा चेहरा आणि पत्ता बाहेर जाणं त्यांना धोक्याचं ठरू शकतं. हे खरंही आहे आणि काकांना पटेलही. फोटो तळघरात खोकी भरणाऱ्या आपल्या लोकांचा छापा, त्यात काकांना पुढे उभं करा.

एच-४वर धर्मादाय संस्थेत, एरवी पगारी नसलेलं काम मोबदला न घेता केलेलं सहसा चालतं. कपडे निवडणं त्यात बसावं. तरी ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू आहे त्यांनी आपल्या वकिलाला विचारावं.

तांदूळ परत पाठवू नका. चर्चला स्वयंपाकघर असेलच. आठवड्यातून एक दुपार ते मोटेलमधल्या बायकांना मिळतं का विचारा. त्यांच्या हातचं त्यांना करू द्या, आपण भांडी घासू आणि मुलं सांभाळू. पिकलिझ नावाचं त्यांचं कोबीचं झणझणीत लोणचं असतं, त्यामुळे मिरची-कोबी जरूर न्या.

बूट मार्च-एप्रिलच्या सेलमध्ये पुढच्या वर्षासाठी घ्या. आत्तासाठी शाळेच्या नर्सला विचारा, कुठल्या मुलाला कुठलं माप लागतं ते तिला माहीत असतं.

धागाकर्ती

स्वयंपाकघराचं मनात आलंच नव्हतं. रविवारी पास्टरबाईंना विचारते. वूस्टर किंवा फ्रेमिंगहॅमकडून कुणाला गाडीने आणण्या-नेण्याची मदत करता येईल का? मुलांच्या सीट लागतील, आणि त्या जुन्या नकोत.