मदत हवी आहे: स्कोर १-१ असताना गोलकीपर का काढला?

नमस्कार मंडळी, आइस हॉकी कळणारं कोणी आहे का इथे? १६ एप्रिल २०२४ ची फिलाडेल्फिया फ्लायर्स विरुद्ध वॉशिंग्टन कॅपिटल्स मॅच बाबांना दाखवली, एनएचएल (अमेरिका-कॅनडाची आइस हॉकी लीग) मधली, दोन्ही टीम रडतखडत प्लेऑफच्या (साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेरीच्या) दारात आलेल्या, आणि शेवटची तीनेक मिनिटं उरलेली, स्कोर १-१, तर फ्लायर्सनी गोल मारायला एक जादा खेळाडू आणण्यासाठी गोलकीपरच बाहेर घेतला! कॅपिटल्सच्या टी.जे. ओशीने रिकाम्या गोलात पक (चेंडूऐवजी असते ती चकती) मारला, २-१, फ्लायर्स घरी.

बाबा मैदानी हॉकीवाले, त्यात पण गोलकीपर काढतात पण मागे असताना, बरोबरीत कोण काढतं म्हणे.

मला कळलेलं असं: जिंकलं की २ पॉइंट, ओव्हरटाइममध्ये (६० मिनिटांनंतर बरोबरी असली तर मिळणाऱ्या जादा वेळात) हरलं तरी १. मॅचआधी फ्लायर्सचे ८७ आणि कॅपिटल्सचे ८९, म्हणजे मॅच ओव्हरटाइमला गेली असती तर कॅपिटल्सचे निदान ९० होणारच, आणि फ्लायर्स जिंकूनही ८९ च. म्हणून ६० मिनिटांतच जिंकायला हवं होतं, बरोबर ना?

पण पुढचं डोक्यावरून जातंय. त्याच रात्री डेट्रॉइट ही तिसरी टीम तिची मॅच शूटआउटमध्ये (ओव्हरटाइमनंतरही बरोबरी असली तर पेनल्टीसारखे एकेक फटके) जिंकून ९१ वर आली, कॅपिटल्सही ९१, मग प्लेऑफमध्ये कॅपिटल्सच का? रेग्युलेशन विन्स (६० मिनिटांतच मिळवलेले विजय) जास्त म्हणून, असं वाचलं. शूटआउटचा विजय त्यात धरतच नाहीत का? आणि तेही सारखे असले तर पुढे काय बघतात? प्लीज सोप्या मराठीत सांगा, बाबा रोज फोनवर विचारतायत आणि मला त्यांना नीट समजावायचंय.